सकाळी निघून संध्याकाळी परत

पुण्याच्या नकाशावर शनिवारवाड्यापाशी कंपासचे टोक रोवून शंभर किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात काय काय येते हे सुट्टीच्या दिवशी गाडी बाहेर काढणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असते. लोणावळा, मुळशी, पानशेत, पाचगणी, महाबळेश्वर. आणि पायांत जोर असेल तर सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, शिवनेरी. थोडक्यात, एक तर गार हवा, नाही तर गड. याच वर्तुळात सासवड, वाई, जुन्नर, भोर, शिरवळ, चाकण ही गावेही बसतात, पण ती कुणाच्या यादीत नसतात. पाचगणीला जाताना वाईत चहा होतो, शिवनेरीला जाताना जुन्नरात पाण्याच्या बाटल्या घेतल्या जातात, जेजुरीहून परतताना सासवडच्या चौकात गाडी अडकते आणि आतली मंडळी गर्दीला नावे ठेवतात. तेवढीच भेट.

हे पुस्तक त्या चहापाण्याच्या गावांचे आहे.

गडांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे उत्तम आहे आणि अजूनही लिहिले जात आहे. त्यामुळे इथे गड नाहीत. आले तर गावाच्या मागे उभे असलेले दिसतील, तेवढेच. तक्रार गडांविषयी नाही, आपल्या नजरेविषयी आहे. गडावर शिबंदी असायची, फार तर काही शे माणसे. त्यांना लागणारे धान्य, तेल, कापड, नाल, दोरखंड, त्यांच्या पगारासाठी लागणारी सावकाराची हुंडी, हिशेब लिहायला लागणारा कागद आणि तो लिहिणारा कारकून हे सगळे पायथ्याच्या कसब्यात होते. गड ओस पडून दोनशे वर्षे झाली. कसबे अजून चालू आहेत. तिथे आजही कापड विकले जाते, कर्ज मिळते, कोर्टाच्या तारखा पडतात आणि आठवड्याच्या बाजाराला आसपासची खेडी येतात. इतिहास बघायला निघालेला माणूस मात्र चालू दुकानांसमोरून जातो आणि पडक्या बुरुजाचा फोटो काढतो.

‘तिथे बघण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न या पुस्तकाच्या कामात सतत कानावर आला. गंमत म्हणजे बऱ्याचदा त्या गावात राहणाऱ्यांकडूनच. त्याचे एका वाक्यातले उत्तर देता येत नाही. एकच देऊळ किंवा एकच राजवाडा दाखवून भागेल अशी ही गावे नाहीत. ती कुठे बसली आणि तिथेच का बसली, हे पायी फिरून कळते. त्यासाठी एक दिवस लागतो, आणि एक दिवस पुरतो.

एक दिवस पुरतो, याला कारण आहे. ही गावे चालणाऱ्याच्या हिशेबाने वसलेली आहेत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आजही पुण्याहून निघून, दिवेघाट चढून, त्याच दिवशी सासवडला पोहोचते. वारीतला हा दमवणारा टप्पा. सासवडला विसावा घेऊन पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. आपण जे अंतर मोटारीने तासाभरात काटतो, ते एका माणसाच्या पूर्ण दिवसाच्या चालीचे आहे, आणि त्या चालीच्या शेवटी पाणी, धर्मशाळा आणि दुकान पाहिजे म्हणून तिथे गाव आहे. नदीचा उतार, घाटाचे तोंड, दोन वाटांचा फाटा अशाच जागी आपली जुनी गावे सापडतात. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाची सुरुवात देवळापासून न करता वाटेपासून केली आहे. या गावात माणसे कुठून येत होती आणि पुढे कुठे जात होती, हे आधी, मग बाकीचे.

सासवड पहिले घेतले, कारण ते सर्वांत जवळ आहे आणि त्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय झालेला आहे. पुण्यापासून तीसेक किलोमीटर. पुणेकर त्याला उपनगर समजू लागले आहेत. प्रत्यक्षात पेशवाईच्या संदर्भात सासवड हे पुण्याचे थोरले. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा राबता सासवडला होता, १७२० साली त्यांचे निधन तिथेच झाले आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी त्यानंतर दहा वर्षांनी, १७३० साली, त्यांच्या मुलाने केली. पेशव्यांचे पाठीराखे पुरंदरे मूळ इथले. त्यांच्या वाड्याची तटबंदी आणि बुरूज बघितले की हे घर आहे की गढी असा प्रश्न पडतो. कऱ्हेच्या काठाने चालत गेले की संगमेश्वर आणि चांगावटेश्वर ही दोन दगडी शिवालये लागतात. संत सोपानदेवांची समाधी इथे आहे आणि त्यांची पालखीही इथूनच निघते. कऱ्हा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिले, ते या दुष्काळी मुलखात पाण्याला किती मोल आहे हे पाहिल्यावर जास्त समजते. हा अंजिराचा आणि सीताफळाचा तालुका; हंगामात रस्त्याच्या कडेला पाट्या लागलेल्या असतात. घासाघीस करावी, पण फार नाही.

वाईला मात्र या पुस्तकात सर्वांत जास्त पाने गेली आहेत. संपादकांनी ती कमी करायला सांगितली होती. मी केली नाहीत.

महाबळेश्वरच्या पठारावरून उतरलेली कृष्णा धोमपाशी मोकळी होते आणि तिथून थोड्या अंतरावर वाई आहे. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिच्यातून जावळीच्या खोऱ्यात आणि पुढे कोकणात उतरणाऱ्या वाटा. या वाटांचे दार म्हणजे वाई. म्हणूनच आदिलशाहीने इथे सुभा ठेवला. अफजलखान वाईचा सुभेदार राहिलेला, त्यामुळे मुलूख त्याच्या पायाखालचा होता. १६५९ साली तो फौजेसह आला तेव्हा तळ वाईलाच पडला, आणि नोव्हेंबरात तो प्रतापगडाच्या पायथ्याकडे निघाला तो इथूनच. प्रतापगडावर उभे राहून ती गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. वाईच्या घाटावर बसून तीच गोष्ट मनात आणून पाहावी. एवढ्या मोठ्या सैन्याला दाणागोटा पुरवू शकणारे गाव केवढे असेल, हा प्रश्न गडावर सुचत नाही.

आज दिसते ती वाई बहुतांशी पेशवाईतली, आणि त्यातही रास्त्यांची. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई रास्त्यांच्या घरातल्या. सोयरीक झाली आणि नदीकाठी दगड रचला जाऊ लागला. नदीला लागून आळ्या आहेत आणि आळीगणिक घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो आणि एकेका घाटाची पाळी येते. त्या परंपरेचे मूळ अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसात आहे, असे वाईत सांगतात. पाहुण्याने प्रसादाला थांबावे. पंगतीत बसवतात, आणि बसवल्यावर गाव, आडनाव, कुणाकडचे, हे सगळे विचारतात. हा चौकशीचा भाग चुकवता येत नाही आणि चुकवूही नये. वाईची निम्मी माहिती त्या उलटतपासणीतच मिळते.

ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधले. मूर्ती एकाच दगडातली, आडव्या अंगाची, आणि सगळे लोक ती समोरून बघून, हात जोडून निघून जातात. माझी विनंती आहे की देवळाच्या मागे जावे. तिथे गाभाऱ्याची भिंत सरळ नाही. ती निमुळती होत पुढे आलेली आहे, माशाच्या तोंडासारखी. देऊळ थेट नदीच्या अंगाला आहे. पुराचे पाणी सपाट भिंतीवर आदळले तर ती किती वर्षे टिकणार? म्हणून बांधणाऱ्याने पाण्याला आडवे न येता त्याला दुभंगून दोन्ही बाजूंनी वाट करून दिली. भिंतीच्या टोकाला हात लावून उभे राहिले की चिऱ्यांचे सांधे दिसतात. अडीचशेहून जास्त पावसाळे त्या टोकाने घेतले आहेत. वाईत इतर काहीही पाहायचे राहिले तरी चालेल, ही भिंत पाहावी.

पलीकडे तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यामागे घाट, घाटावर मेणेश्वराचे देऊळ आणि जवळच एका छोट्या बांधणीत टांगलेली भली मोठी घंटा. ही घंटा देवळासाठी ओतलेली नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि वेगवेगळ्या देवळांत लागल्या. त्यांतली ही एक. तिच्यावरची उठावाची ख्रिस्ती आकृती आजही दिसते. अरबी समुद्राच्या काठी पाद्र्याने वाजवलेली घंटा कृष्णेच्या काठी शंकराच्या सेवेला रुजू झाली, आणि गावातल्या कुणालाही यात काही वावगे वाटत नाही. ‘स्वदेस’ या चित्रपटाचे चित्रीकरण इथे झाल्यापासून बघायला येणारे वाढले; त्यांतले निम्मे लोक शाहरुख खान कुठे उभा होता ते विचारतात. गावकरी दाखवतात. जाताजाता वाडाही दाखवतात, हे त्या चित्रपटाचे उपकारच म्हणायचे.

वाईची दुसरी बाजू पुस्तकांची. केवलानंद सरस्वती, म्हणजे पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. विनोबा भावे १९१७ च्या सुमारास शास्त्राध्ययनासाठी तिथे राहिले होते. त्याच पाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, साहित्य-संस्कृतीचे मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले, आणि मराठी विश्वकोशाचे काम मुंबईत किंवा पुण्यात न होता वाईत सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली आला. जगातल्या सर्व विषयांवरच्या नोंदी एका तालुक्याच्या गावी, नदीच्या काठी बसून तपासल्या जात होत्या. एका गावाला हे पेलते, कारण तिथे शब्दांवर वाद घालणारी माणसे आधीपासून होती.

वाई आणि सासवड या दोन्ही ठिकाणी, आणि खरे तर या पुस्तकातल्या प्रत्येक गावात, एक गोष्ट वाचकाला खटकणार आहे, ती आधीच सांगून टाकतो. वाडे पडत आहेत. दगडी जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या नाही तर विटांच्या भिंती, सुरूचे खांब, तुळया, वर कडीपाट अशी ही बांधणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण एका अटीवर: दर पावसाळ्यापूर्वी कुणीतरी कौले चाळली पाहिजेत. एक कौल सरकले की पाणी भिंतीत उतरते. पांढरी माती भिजली की फुगते, खांबाचे बूड कुजते आणि दोन-तीन पावसाळ्यांत सोपा बसतो. कौले चाळायची कुणी? सातबाऱ्यावर नाही तर मालमत्तापत्रकावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली अर्धी पुण्यात, काही परदेशात. पुढच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू, त्यांचे भाडे इतके की त्यात कौलाची एक रांगही येत नाही. शेवटी सगळे एकत्र सही करतात ती विकसनाच्या करारावरच. मग खांब आणि दरवाजे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि पुढे एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात ‘पारंपरिक’ म्हणून उभे राहतात. त्याच गावाला वळसा घालून आपण त्या रिसॉर्टमध्ये राहायला जातो आणि त्या खांबाला टेकून फोटो काढतो. वारसदारांना दोष देणे सोपे आहे. पण ओल आलेल्या घरात म्हातारी आई आणि चौकापलीकडचा संडास असेल, तर मीही सही केली असती.

त्यामुळे वाडा बघताना एक भान ठेवावे. बहुतेक वाड्यांत माणसे राहतात. दिंडी उघडी दिसली म्हणजे आत शिरायचे, असे नाही. देवडीत थांबावे, हाक मारावी: ‘काका, वाडा बघायला आलोय, चौकापर्यंत येऊ का?’ बहुधा ‘या की’ असेच उत्तर येते. चपला बाहेर काढाव्यात. माजघराकडे कॅमेरा वळवू नये. आजी बळद दाखवायला निघाल्या तर घाई करू नये. जमिनीतल्या त्या धान्याच्या कोठीवरचे झाकण उचलताना त्या जे सांगतील, ते कुठल्याही फलकावर लिहिलेले नसते. आणि चहा नाकारू नये.

जुन्नरची वाट वेगळी आहे, आणि फार जुनी. कल्याण, सोपारा या बंदरांतून आलेला माल नाणेघाट चढून वर यायचा आणि पहिली मोठी पेठ लागायची ती कुकडीच्या काठची, जुन्नरची. नाणेघाटाच्या तोंडाशी लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. राजघराण्याचे पुतळे कधीच नाहीसे झाले, वरची नावे राहिली. बाहेर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे सगळे सांगतात. आजूबाजूच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत: लेण्याद्री, तुळजा लेणी, मानमोडी. इतकी लेणी एकाच गावाभोवती का, याचे उत्तर दानलेखांत आहे. दान देणाऱ्यांत स्वतःला यवन म्हणवणारी माणसे आहेत. भिक्खूंसाठी खोल्या आणि पाण्याची टाकी खोदून देण्याइतका पैसा या पेठेत होता आणि तो समुद्रावरून येत होता.

मला जुन्नरबद्दल सर्वांत जास्त आवडते ती पाहुण्यांची रांग. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन होर्मुझहून निघाला आणि चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. चौलहून घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळ्यात अडकला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. जुलैत जुन्नरला गेलेल्याला त्यात नवल वाटणार नाही. तिथल्या हाकिमाने, असदखानाने, त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर मोहराही देतो, असे बजावले. एका खुरासानी सरदाराने रदबदली केली आणि घोडा सुटला. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली तीही जुन्नरातच. नगर शहर त्यानंतरचे. १६३० साली शिवनेरीवर शिवराय जन्मले, आणि १६५७ साली त्यांनीच ही पेठ, तेव्हा मोगलांच्या ताब्यात गेलेली, लुटली. लुटण्याजोगे गाव होते म्हणूनच ना? १६७५ साली जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून इथे आला. जनानखान्यातल्या रुग्णाची नाडी पाहायला त्याच्यासमोर पडद्याआडून हात आला, तो एका धडधाकट बाईचा. डॉक्टर खरा की खोटा याची आधी परीक्षा घेतली गेली. तालुक्याच्या गावी नवीन आलेल्या डॉक्टरची परीक्षा अजूनही होते, फक्त पडदा गेला.

एवढे सगळे या गावात घडले आणि आपण ते ओलांडून शिवनेरीच्या पायऱ्या चढतो. शिवनेरीला जाऊ नये असे कोण म्हणेल? जावे, पण उतरल्यावर लगेच गाडीत बसू नये. गावात हिंडावे. हापूसबागेकडचा सौदागर घुमट पाहावा. कागदी मोहल्ल्याची चौकशी करावी: पेशवाईतल्या दप्तरांसाठी वापरला गेलेला जुन्नरी कागद हाताने बनवणारे कारागीर याच गावातले. आणि जेवायला मासवडी मागावी. नाव मासवडी, पण मासा औषधालाही नाही. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर तीळ, सुके खोबरे, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, फडक्यानेच गुंडाळी वळायची आणि वड्या कापायच्या. वर झणझणीत रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. वडी रश्श्यात आधी बुडवून ठेवू नये, ती सुटते, घासागणिक बुडवावी.

जुन्नरला जाताना नारायणगाव लागते. विठाबाई नारायणगावकरांचे गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. कोणत्या तारखेला कोणता फड, केवढ्याला, हा व्यवहार राहुटीत मांडी घालून, चहावर चहा पीत होतो. तमाशा पाहायला तिकीट लागते. ही बोलणी ऐकायला लागत नाही.

आता थोडे प्रवासाचे. या पुस्तकातली सगळी गावे एस.टी.ने गाठता येतात आणि शक्यतो तशीच गाठावीत. १९४८ च्या जूनमध्ये पहिली एस.टी. पुण्याहून नगरला गेली, तेव्हापासून ही गाडी गावाच्या मधोमध थांबते. मोटारीने जाणाऱ्याला बाह्यवळण मिळते, मग पार्किंग शोधावे लागते, आणि पार्किंगची चिंता लागली की दोन तासांत निघावेसे वाटते. २०२३ पासून महिलांना तिकीट निम्मे झाले आहे. त्यामुळे शेजारच्या आसनावर माहेरी निघालेल्या एखाद्या मावशी असण्याची शक्यता वाढली आहे, आणि गावाची माहिती देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. सकाळी लवकरची गाडी घ्यावी. दुपारी बारा ते तीन गावे झोपलेली असतात. तेव्हा जेवण, नदीकाठची सावली किंवा देवळाचा सभामंडप. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर नियंत्रकाच्या खिडकीत विचारून घ्यावी, मोबाइलवर विसंबू नये. शक्य असेल तर रविवार टाळून बाजाराचा वार धरावा. श्रावणी सोमवारी शिवालये गर्दीने भरतात, आणि आषाढीच्या आधी पालखीच्या दिवशी दिवेघाट वाहनांना बंद असतो. त्या दिवशी सासवडला जायचे तर चालतच, आणि ते सर्वांत चांगले.

एका दिवशी एकच गाव, एवढा आग्रह मात्र धरतो. सकाळी वाई, दुपारी पाचगणी, संध्याकाळी महाबळेश्वर असा बेत करणाऱ्यांसाठी दुसरी पुस्तके आहेत आणि ती जास्त खपतात.

काही गावे सुटली. भोरवर छोटे टिपण आहे. राजवाडा, नीरेचा काठ आणि वरंधकडे जाणारा रस्ता एवढेच त्यात आले, कारण तिथला दिवस पावसाने खाल्ला. शिरवळची लेणी वाईच्या प्रकरणात जोडली. मुंबईकरांसाठी चौल-रेवदंडा घेतले आहे: गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबागमार्गे पुढे. निकितीनची वाट उलटीकडून पाहायची असेल तर सुरुवात तिथून करावी. पोर्तुगीज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि तटाच्या दगडांना विहिरीच्या पंपाचे पाइप टेकवलेले आहेत.

शेवटचे प्रकरण पैठणचे आहे आणि ते नियमात बसत नाही. पुण्याहून पैठणला एका दिवसात जाऊन येणे अंगावर येते. तरीही ते घेतले, कारण नाणेघाटातून चढलेला, जुन्नरला उतरलेला माल पुढे जिकडे जायचा, ते सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजेच पैठण. जुन्नर वाचून तिथे थांबणे म्हणजे वाट अर्ध्यावर सोडणे झाले असते. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना ते पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे; त्यांनी सकाळी निघावे, नाथांचा वाडा आणि नागघाट उन्हाच्या आत उरकावा आणि पैठणीचे माग दुपारी पाहावेत. पुणेकरांनी मात्र मुक्कामाच्या तयारीने जावे, आणि फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिवसांत जाणार असतील तर मुक्कामाची सोय आधी करून मगच निघावे.